अननसाचं फ्रूटखंड सकाळी कडू का होतं?

प्रश्न : मी घरून ऑर्डरवर श्रीखंड, आम्रखंड आणि फ्रूटखंड करून देते. आम्रखंडाची कधी तक्रार नाही. पण अननस घातलेलं फ्रूटखंड रात्री छान लागतं आणि सकाळी डबा उघडला की कडू, वर पाणी सुटलेलं. चक्का तोच, साखर तीच. अननस निम्मा करून पाहिला, तर कडूपणा संध्याकाळपर्यंत लांबला, पण आलाच. मग तुकडे गरम पाण्यातून काढून घेतले, तर उलट आधीपेक्षा लवकर कडू! डब्यातला अननस वापरला की काही होत नाही, पण गिऱ्हाइकांना ताजा हवा असतो. बारावीतली मुलगी म्हणते, ‘आई, त्यात एन्झाइम असतं.’ ते मेलं एन्झाइम नेमकं करतं काय? आणि चक्क्याची ही गत करतं तर खाणाऱ्याच्या पोटाचं काय करत असेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मुलगी बरोबर सांगतेय. अननस निम्मा केल्यावर कडूपणा गेला नाही, फक्त उशिरा आला; गरम पाण्याने तो लवकर आला; डब्यातल्या अननसाने आलाच नाही. तिन्हींचं कारण एकच आहे. पण आधी करायचं काय ते सांगतो, कारण ऑर्डरी काही थांबायच्या नाहीत.

अननस सोलून डोळे आणि मधला दांडा काढा. तुकडे एक सेंटिमीटरहून मोठे नकोत. अर्धा किलो तुकडे जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात त्यांच्याच रसात, झाकण ठेवून चढवा. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, रस आंबट असतो. आच मोठी ठेवा, उकळी लवकर यायला हवी. रस चांगला रटरटायला लागला की घड्याळ बघा आणि तिथून आठ मिनिटं शिजू द्या, मध्ये दोनदा खालीवर करा. मग शंभर ग्रॅम साखर घालून आणखी चार-पाच मिनिटं, तुकडे चकचकीत दिसेपर्यंत. साखर सुरुवातीलाच घालू नका, कारण दाट पाकात प्रथिनं उष्णतेला जरा जास्त टिकून राहतात आणि इथे आपल्याला एक प्रथिनच मोडायचं आहे. शिजलेले तुकडे गाळणीवर निथळत ठेवा, पूर्ण निवू द्या, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच चक्क्यात मिसळा. एक किलो चक्क्याला असे दोनशे ते अडीचशे ग्रॅम तुकडे पुरतात. तुकड्यांनी घेतलेली साखर एकूण साखरेतून कमी करायला विसरू नका. खाली निथळलेला पाक सरबताला किंवा शिऱ्याला वापरा.

आणि ज्या सुरीने, ज्या पाटावर कच्चा अननस चिरला, ती साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा त्या कामात आणू नका. तयार डब्यावर शोभेसाठी कच्च्या अननसाची चकतीही लावू नका. तसं केलं की आतलं फ्रूटखंड ठीक राहतं आणि चकतीखालचा गोल तेवढा कडू होऊन पातळ पडतो. गिऱ्हाईक पहिला चमचा तिथलाच घेणार.

आता कारण. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं. हे एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, प्रथिनं कापतं. चक्का म्हणजे मुख्यतः दुधातलं केसीन हे प्रथिन, त्याचं जाळं, आणि त्या जाळ्यात अडकलेलं पाणी आणि स्निग्धांश. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. शेजारच्या दोन अमिनो आम्लांमधली जोडणी फार चिवट असते. नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला ती आपोआप तुटायची म्हटलं तर शेकडो वर्षं लागतील. ब्रोमेलेन ते काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं. ते कसं, हे त्याच्याच घराण्यातल्या पपेनमध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातल्या एन्झाइममध्ये, फार बारकाईने पाहिलं गेलं आहे.

पपेन स्वतःही प्रथिनच, २१२ अमिनो आम्लांचं. ती साखळी अशी दुमडलेली असते की दोन फुगीर भाग होतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच राहते. साखळीतलं २५ व्या क्रमांकाचं सिस्टीन आणि १५९ व्या क्रमांकाचं हिस्टिडीन एरवी एकमेकांपासून लांब, पण दुमडल्यामुळे खाचेत अगदी शेजारी येतात. हिस्टिडीनने सिस्टीनच्या गंधकावरचा प्रोटॉन आधीच काढून घेतलेला असतो. केसीनची साखळी या खाचेत येऊन बसली की हा मोकळा झालेला गंधक तिच्या जोडणीतल्या कार्बनवर चाल करून जातो. जोडणी तुटते, साखळीचा एक तुकडा सुटून जातो आणि दुसरा क्षणभर गंधकाला चिकटून राहतो. मग पाण्याचा एक रेणू येतो, तो तुकडाही सोडवतो आणि खाच पुन्हा रिकामी, जशी होती तशी. अशक्य असलेली कुठलीही रासायनिक क्रिया एन्झाइम घडवून आणत नाही. जी क्रिया होऊ शकते पण मध्ये ऊर्जेचा मोठा चढ आहे म्हणून अडून बसते, तिला तो चढ टाळून जाणारी वाट काढून देतं, इतकंच.

‘जशी होती तशी’ यातच तुमच्या निम्म्या अननसाचं उत्तर आहे. एन्झाइम कामात खर्च होत नाही. मीठ निम्मं घातलं की खारटपणा निम्मा होतो, तसा हिशोब इथे लागत नाही. शेत कापायला दहा मजुरांऐवजी पाच लावले तर शेत अर्धं उभं राहत नाही, सगळंच कापलं जातं, फक्त दिवस जास्त लागतात. तुम्हालाही सकाळऐवजी संध्याकाळ दिसली. चक्का जास्त घेऊनही फारसा फरक पडत नाही. केसीन आधीच इतकं असतं की ब्रोमेलेनच्या खाचा कधी रिकाम्या राहतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक रेणू त्याच्या पुऱ्या वेगाने राबत असतो. कडूपणा थोडा पसरून सौम्य लागेल, एवढंच.

प्रथिन कापलं तर ते कडू का व्हावं? अखंड केसीनला जवळजवळ चव नसते. त्यात ल्युसीन, प्रोलीन, फेनिलअॅलॅनिन अशी पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्लं बरीच असतात, पण ती मोठ्या रेणूच्या आत दडलेली असतात. साखळीचे छोटे तुकडे झाले की ही मंडळी उघडी पडतात आणि जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशींना जाऊन भिडतात. हेच तुकडे आणखी बारीक होऊन सुटी अमिनो आम्लं झाली तर कडूपणा पुन्हा बराच कमी होतो. पण ब्रोमेलेन साखळी मधे मधे कापणारं आहे, टोकाकडून एकेक मणी काढणारं नाही. काम अर्धवट राहतं आणि ते अर्धवटपणच आपल्याला कडू लागतं. सुटलेलं पाणीही त्यातलंच, कारण जाळं फाटलं की त्यात धरून ठेवलेलं पाणी बाहेर येतं.

इथे एक गल्लत टाळा. स्ट्रॉबेरी किंवा सफरचंद घातल्यावरही पाणी सुटतं, पण ते साखरेने फळातून ओढून घेतलेलं असतं. चव गोडच राहिली तर तो एन्झाइमचा प्रकार नाही. आणि ज्या दिवशी साधं श्रीखंडही कडवट लागेल त्या दिवशी अननसाला दोष देऊ नका. दूध तापवण्याआधी फार काळ थंडीत साठवलेलं असलं तर त्यात थंडीत वाढणारे जिवाणू प्रथिनं कापणारी एन्झाइम सोडून ठेवतात. दूध उकळलं की जिवाणू मरतात, पण त्यांची काही एन्झाइम उकळीलाही दाद देत नाहीत. तिथे उपाय एकच, दूधवाला बदलणं.

प्रथिन कापणारी सगळीच एन्झाइम अशी कुठेही कात्री चालवत नाहीत. चीज करताना रेनेट वापरतात, त्यातलं कायमोसिन बघा. गाईच्या दुधातल्या कप्पा-केसीनच्या १६९ अमिनो आम्लांच्या साखळीत ते प्रामुख्याने १०५ आणि १०६ यांच्यामधली एकच जोडणी कापतं. तेवढ्याने केसीनच्या कणांवरची एकमेकांना दूर ठेवणारी शेपटी गळून पडते, कण एकमेकांना चिकटतात आणि घट्ट दही पडतं, कडूपणा न येता. खाचेचा आकार आणि तिच्यातला विद्युतभार यावर ठरतं की कोण आत बसेल आणि कुठे कापलं जाईल. १८९४ साली एमिल फिशर यांनी यासाठी कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी तिच्यात दुरुस्ती सुचवली, की कुलूप ताठ नसतं, किल्ली आत येताना तेही थोडं वळून तिला आवळून घेतं. मुलीला तिच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही भेटेल.

आता गरम पाणी. एन्झाइम हे प्रथिन असतं हे एकेकाळी मान्यच नव्हतं. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज हे एन्झाइम स्फटिकरूपात वेगळं केलं आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं, तरी बरीच वर्षं लोक वाद घालत होते. नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये. प्रथिन म्हटलं की उष्णतेचे दोन उलटे परिणाम आले. तापमान वाढेल तसे रेणू जोरात धावतात, खाचेत जास्त वेळा येतात आणि काम भरभर होतं. ढोबळमानाने दर दहा अंशांना वेग दुप्पट. पण एका मर्यादेपुढे साखळीला दुमडून ठेवणारे नाजूक बंध सुटायला लागतात, खाच विस्कटते, सिस्टीन आणि हिस्टिडीन एकमेकांपासून दुरावतात. तापवलेल्या अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तसं हे एन्झाइमही मग परत उभं राहत नाही.

ब्रोमेलेन सर्वांत जोरात चालतं ते साधारण ५० ते ६० अंशांना. तुकडे गरम पाण्यातून काढल्यावर बाहेरचा पातळ थर भाजून निघाला, पण आतला गाभा नेमका पन्नाशीच्या आसपास गेला. वर ते कोमट तुकडे चक्क्यात गेले आणि चक्काही उबदार झाला. म्हणजे एन्झाइमला मारायला गेलात आणि त्याची सरबराई करून आलात! मोठी आच, लहान तुकडे, उकळीनंतरची आठ मिनिटं आणि मिसळण्याआधी पूर्ण गार करणं, हे सगळं एवढ्यासाठीच. तुकड्याच्या मध्यभागीही तापमान ८०–९० अंशांच्या वर जाऊन काही मिनिटं टिकायला हवं. मायक्रोवेव्हवर म्हणूनच भरवसा ठेवू नका. एक तुकडा वाफाळतो आणि शेजारचा कोमट राहतो. डब्यातला अननस डबाबंद करताना तापवलेला असतो, म्हणून तो निरुपद्रवी. पाकिटातल्या रसाचंही तेच.

फ्रीझर मात्र काम करत नाही. गोठवल्याने एन्झाइम थांबतं, मोडत नाही; तुकडे सुटे झाले की पुन्हा सुरू. फ्रिजमध्ये तर थांबतही नाही. ३० अंशांच्या ओट्यावरून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये गेल्यावर वेग साधारण सहापट कमी होतो, पण रात्रभराचे आठ-दहा तास म्हणजे ओट्यावरचा दीड तास झालाच की. शिवाय चक्का आंबट असल्याने इथे ब्रोमेलेन जरा हात आखडूनच चालतं. त्याला आवडतो तो उदासीन किंवा किंचित आम्लधर्म. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट; ६.६–६.७ पीएचच्या दुधात ते जास्त मोकाट सुटतं. कच्च्या अननसाचा मिल्कशेक म्हणूनच तासाभरातही कडवट लागू शकतो, तर साडेचारच्या आसपास पीएच असलेल्या श्रीखंडाला रात्र लागते.

हाच वेगाचा नियम तुमच्या कामाला उलटा लावता येईल. ऑर्डर देण्याआधी दोन तासांत परीक्षा घ्या. तीन लहान वाट्यांत दोन-दोन चमचे चक्का. पहिलीत एक चमचा कच्च्या अननसाचा रस, दुसरीत एक चमचा शिजवलेल्या तुकड्यांचा पाक, तिसरीत एक चमचा पाणी. तिन्ही नीट ढवळून झाका. कॅसरोलमध्ये एक भाग उकळतं आणि दोन भाग नळाचं पाणी घ्या. मिश्रण पन्नाशीच्या जवळ येतं आणि वाट्या ठेवल्यावर पंचेचाळिसाच्या आसपास स्थिरावतं. पाणी वाट्यांच्या निम्म्यापर्यंत हवं. झाकण लावून दोन तास विसरून जा. ५ अंशांच्या फ्रिजपेक्षा हे ४० अंशांनी जास्त, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट वेग. दोन तासांत फ्रिजमधल्या साधारण बत्तीस तासांचं भविष्य कळतं. तिन्ही वाट्या थोड्या जास्त आंबट लागतील, विरजणातले जिवाणू त्या उबेत कामाला लागतात. ते सोडून द्या, शोध कडूपणाचा घ्या. दुसरी वाटी तिसरीसारखी लागली तर अननस नीट शिजला. पहिली वाटीसुद्धा कडू झाली नसेल तर परीक्षाच फसली असं समजा, बहुधा पाणी निवलं असणार. मुलीला सांगा, प्रयोगवहीत पहिल्या आणि तिसऱ्या वाटीला ‘नियंत्रण’ म्हणतात आणि तोंडी परीक्षेत तेच विचारतात.

इतर फळांचं थोडक्यात. आंबा, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, डाळिंब यांची या बाबतीत भीती नाही. किवीत अॅक्टिनिडिन असतं आणि ते अननसासारखंच वागतं. शिजवलं तर हिरवा रंग जातो, म्हणून किवी वाढताना वरून घालायला सांगावं हे बरं. ताज्या अंजिरात फिसिन असतं. पिकलेल्या पपईत पपेन कच्चीच्या मानाने फारच कमी उरतं, तरी पपई-दूध करून ठेवलं तर कडवट होतं; लगेच प्यावं. आल्यातही असंच एक एन्झाइम आहे, म्हणून दुधात कच्चं आलं किसून टाकलं की चहा नासू शकतो; आलं आधी पाण्यात उकळून मग दूध घालण्याची घरोघरची रीत त्यावरच बेतलेली आहे. अननस घालून जेली-पुडिंग केलीत तर जिलेटिन सेट होणार नाही, कारण जिलेटिन प्रथिन आहे. चायना ग्रास मात्र समुद्री शेवाळातली शर्करासाखळी आहे. ब्रोमेलेनच्या खाचेत ती बसतच नाही, त्यामुळे तिला कच्चा अननसही चालतो. सफरचंद काळं पडतं तेही एन्झाइमनेच, पण ते वेगळं. त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. चिरल्या चिरल्या लिंबाचा रस लावून चक्क्यात बुडवलं की हवा तुटते आणि काम भागतं.

राहिलं पोट. कच्चा अननस भरपूर खाल्ल्यावर जीभ चरचरते, त्यात आम्लाबरोबर ब्रोमेलेनचाही वाटा असतो, पण तोंडातली त्वचा भराभर नवी होते. पुढे जठरात पीएच दोनच्या आसपास उतरतो, तिथे ब्रोमेलेनची बरीचशी शक्ती जाते, आणि ते स्वतः प्रथिन असल्याने जठरातलं पेप्सिन त्यालाही अन्न समजूनच कापतं. खरा प्रश्न असा की पेप्सिन आपल्यालाच का कापत नाही. जठराच्या आतल्या बाजूला बायकार्बोनेटयुक्त श्लेष्म्याचा थर असतो, आणि पेप्सिन पेशीतून बाहेर पडतं ते खाच झाकलेल्या अवस्थेत, पेप्सिनोजन म्हणून. आम्लात आल्यावरच ते झाकण गळतं. स्वादुपिंडातलं ट्रिप्सिनही ट्रिप्सिनोजन म्हणूनच निघतं आणि लहान आतड्यात पोचल्यावर एन्टेरोकायनेज हे दुसरं एन्झाइम त्याचं झाकण काढतं. हे झाकण स्वादुपिंडातच निघालं तर तो अवयव स्वतःलाच पचवू लागतो; तीव्र पॅन्क्रियाटायटिसमध्ये असंच घडतं. पपईच्या झाडातही पपेन तसंच झाकलेलं असतं. अळीने पान कुरतडलं, चीक बाहेर आला की ते जागं होतं आणि अळीच्या आतड्यावरच चालून जातं.

तुमचं शिजवलेल्या अननसाचं फ्रूटखंड यातलं काहीच करत नाही; त्यातलं ब्रोमेलेन पातेल्यातच संपलेलं असतं. ताज्या अननसाचाच आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला कच्चे तुकडे वेगळ्या डबीत द्या आणि वर लिहा : ‘वाढताना मिसळावे, उरलेले ठेवू नये.’